पालक शाळेशी जोडले जावेत यासाठी : प्राथमिक शिक्षकांकरिता काही व्यवहार्य सूचना

पालकसभेची सूचना मुलांच्या वहीत लिहून द्यायची, सभा सकाळी अकराला ठेवायची, गणवेश, स्वच्छता, हजेरी आणि मोबाइलचे दुष्परिणाम या विषयांवर मुख्याध्यापकांनी बोलायचे आणि उपस्थितांच्या सह्या घेऊन इतिवृत्त पूर्ण करायचे, ही पद्धत आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांत इतकी रुळली आहे की सभा ओस पडल्या तर त्याचा दोष आपोआप पालकांच्या माथी जातो. पालकांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. अकराच्या सभेसाठी मजुरीवर जाणाऱ्या आईला त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडावे लागते, आणि एवढे करून तिला जे ऐकायला मिळते त्यात तिच्या स्वतःच्या मुलाविषयी एक वाक्यही नसते. पुढील सर्व सूचनांचा आधार एकच आहे : पालकाला त्याच्या मुलाच्या शिकण्याविषयी खरी माहिती द्यावी आणि तिच्या जोडीला त्याला झेपेल असे एखादे ठरावीक काम द्यावे. सभा, समित्या आणि मेळावे ही त्याची साधने आहेत. त्यांनाच साध्य मानले की कागद भरतात आणि शाळा होती तिथेच राहते.

या सूचना प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या एक-दोन ते पाच-सहा शिक्षकांच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतही त्यांतील बऱ्याचशा लागू पडाव्यात.

कायद्याने काय सांगितले आहे

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. मूल पटावर आणणे हेच त्या काळी सर्वांत मोठे काम असल्याने पालकाशी शाळेचे नाते सक्तीचे असणे समजण्यासारखे होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने या नात्याचे स्वरूप बदलले. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा याच समितीने तयार करायचा असतो.

समितीच्या तरतुदी बहुतेक मुख्याध्यापकांना पाठ असतात. कलम २४ मात्र फारसे वाचले जात नाही. पालकांशी नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यात झालेली प्रगती आणि इतर संबंधित माहिती देणे हे या कलमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पालकसभेचा विषय प्रत्येक मूल हाच आहे. गणवेश आणि स्वच्छता त्यानंतर येतात.

केवळ माहिती दिल्याने काय होते याचाही एक अनुभव नोंदलेला आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास ‘प्रथम’ या संस्थेने २८० गावांच्या अभ्यासात वेगवेगळे उपाय करून पाहिले आणि अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले. काही गावांत सभा घेऊन ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगण्यात आले, तर काही गावांत त्याशिवाय गावकऱ्यांना मुलांच्या वाचनाची चाचणी घेण्यास शिकवून गावाचे प्रगतिपत्रक तयार करवण्यात आले. या दोन्ही उपायांनी पालकांचा शाळेतील सहभागही वाढला नाही आणि मुलांचे शिक्षणही सुधारले नाही. ज्या गावांत याच्या जोडीला स्थानिक तरुणांना वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण मिळाले, तेथे मात्र स्वयंसेवक पुढे आले आणि त्या वर्गांना बसलेल्या मुलांचे वाचन सुधारले. लोकांना माहिती मिळाली, पण तिचे करायचे काय हे कळले नाही, तर ते सभेतून उठून घरी जातात. यात त्यांचा आळस शोधण्याचे कारण नाही.

प्रारंभ घरभेटीने करावा

वर्षाचा पहिला संपर्क शाळेत होऊ देऊ नये. तो पालकाच्या घरी व्हावा. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच, संध्याकाळी कामावरून माणसे परतल्यानंतर आणि चूल पेटण्यापूर्वीचा वेळ धरून, वस्तीनिहाय भेटींचे नियोजन करावे. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. भातपट्ट्यात लावणीचे दिवस आणि कापूसपट्ट्यात लागवडीचे दिवस टाळावेत. शक्य असेल तेथे दोघा शिक्षकांनी मिळून जावे.

कोणाच्या घरी आधी जायचे हे ठरवताना आपला कल नकळत रस्त्यालगतच्या, ओळखीच्या आणि हुशार मुलांच्या घरांकडे असतो. यादी उलटी करावी. गेल्या वर्षी ज्यांची हजेरी सर्वांत कमी होती, ज्यांच्या घरचे कोणीही कधी शाळेत आलेले नाही आणि ज्यांचे घर गावापासून सर्वांत लांब आहे, त्यांच्याकडे प्रथम जावे.

पहिल्या भेटीत कोणताही कागद मागू नये. शिक्षक दारात आले म्हणजे आधार क्रमांक, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला किंवा जन्मतारखेचा पुरावा यांपैकी काहीतरी कमी पडले आहे, असा अनुभव पालकांना वर्षानुवर्षे आलेला असतो, आणि त्यामुळे शिक्षक दिसताच घरातली बाई आधी पत्र्याच्या पेटीकडे वळते. ती पेटी बंदच राहू द्यावी. मुलाविषयी प्रत्यक्ष पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगावी, आणि ती नेमकी असावी. “पोरगं हुशार आहे” असे मोघम बोलण्यापेक्षा “परवा वर्गात एक मुलगी पडली, तर हा न सांगता पाणी घेऊन धावला” असे सांगितले की बोलणे पुढे सरकते. त्यानंतर मुलाचा दिवस कसा जातो, तो घरी कोणाजवळ सर्वांत जास्त असतो, त्याला दिसण्या-ऐकण्याचा किंवा आजाराचा काही त्रास आहे का, एवढेच विचारावे आणि ऐकावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष महत्त्वाचे असते, कारण अनेक घरांत मुलाचे प्रत्यक्ष पालकत्व आजीकडे, चुलतीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे असते आणि आपण मात्र वर्षभर निरोप पाठवतो ते रजिस्टरात नाव असलेल्या वडिलांना.

घरी गेल्यावर आपण ताई, दादा, मावशी, आजी असे संबोधून बोलावे. “तुमचा मुलगा” ऐवजी मुलाचे नाव घ्यावे. दारू, कर्ज, मुलांची संख्या यांविषयी उपदेश करू नये, कारण आपण त्यासाठी आलेलो नसतो. चहा-पाणी दिले तर घ्यावे. हा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटेल, पण गुरुजींनी किंवा बाईंनी कोणाच्या घरचे पाणी घेतले आणि कोणाच्या घरी “आत्ताच घेऊन आलो” असे म्हणून टाळले, याची नोंद संपूर्ण वस्ती ठेवते, आणि तिच्यापुढे समानतेवरची आपली पुढची सर्व भाषणे फिकी पडतात.

मूल कोठे आहे ते पालकाला दिसू द्यावे

आपल्या प्रगतिपत्रकावर अ-१, ब-२ अशा श्रेणी असतात. शिक्षकाला त्यांचा अर्थ लागतो. सातवीत शाळा सोडलेल्या आईला ‘ब-१’ म्हणजे चांगले की वाईट, आणि आपण काय करायचे, हे त्यावरून समजणे शक्य नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक पालकासमोर मुलाने दोन-तीन मिनिटे मोठ्याने वाचावे, अशी व्यवस्था करावी. त्यासाठी मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या अहवालांमुळे परिचित झालेली साधी पायरी पुरेशी आहे : अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या स्तराचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या स्तराची गोष्ट. गणितासाठी अंकओळख, वजाबाकी आणि भागाकार एवढे घ्यावे. निरक्षर आजोबांनाही नातू अडखळतो आहे की सरळ वाचतो आहे हे कानाने कळते, आणि हे कळण्यासाठी त्यांना शिक्षकाच्या शेऱ्याची गरज उरत नाही.

येथे काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. हे वाचन इतर पालकांसमोर घेऊ नये. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. मूल ज्या पायरीवर सहज वाचते तेथून सुरुवात करावी, म्हणजे पालकाच्या कानावर प्रथम त्याचे यश पडेल. आणि मूल मागे असेल, तर ते मागे आहे हे स्पष्ट सांगावे. “होईल हळूहळू” असे सांगून वेळ मारून नेल्यास पाचवीत गेल्यावर पालकाला धक्का बसतो आणि तो रास्तपणे आपल्याला जाब विचारतो. सांगताना मात्र शाळेत आपण काय करणार आहोत ते आधी सांगावे आणि घरी काय व्हावे ते नंतर. हा क्रम उलटा झाला की पालकाला आपण जबाबदारी झटकत आहोत असे वाटते, आणि अनेकदा ते खरेही असते.

घरी करायचे काम झेपणारे असावे

“घरी अभ्यास घ्या” ही सूचना म्हणून निरुपयोगी आहे. ज्यांना अभ्यास घेता येतो ते न सांगता घेतात. ज्यांना येत नाही त्यांना या वाक्याने केवळ अपराधी वाटते, आणि ते एक तर शिकवणी लावतात किंवा शाळेकडे फिरकत नाहीत. काम इतके छोटे आणि ठोस असावे की न शिकलेल्या माणसालाही ते आजपासून करता यावे.

जेवणाआधी मुलाने पाच मिनिटे मोठ्याने वाचावे आणि घरातल्या कोणीतरी समोर बसून ऐकावे, हे पहिले काम. ऐकणाऱ्याने चूक काढू नये, “मग पुढे काय झालं?” एवढे विचारावे. यासाठी शाळेने वाचनालयातील पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता घरी द्यावी लागतात, आणि त्यांतील काही फाटतील हे आधीच मान्य करावे लागते.

गणितासाठी घरातला व्यवहार हेच साहित्य आहे. दूध संकलन केंद्राच्या पावतीवर लिटर, फॅट आणि दर छापलेला असतो. चौथीच्या मुलाने दहा दिवसांच्या पावत्यांची बेरीज करावी आणि ती दुधाच्या मिळालेल्या पैशांशी ताडून पाहावी. बाजारातून आणलेल्या भाजीचा हिशेब, रेशनवर मिळालेले धान्य, खताच्या गोणीवरचे वजन, एसटीच्या तिकिटावरचे पैसे यांतून अपूर्णांकापर्यंतचे बरेच गणित होते. असा हिशेब मुलाने केला आणि तो बरोबर निघाला, तर शिक्षणाच्या उपयोगाविषयी वडिलांना वेगळे सांगावे लागत नाही.

भाषेसाठी आजीकडे जावे. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी, गावाच्या देवाची कथा, दुष्काळाच्या आठवणी हे सारे मुलांनी ऐकून वर्गात सांगावे आणि वरच्या वर्गातील मुलांनी लिहून आणावे. नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, रायगडात कातकरी आणि तांड्यांवर गोरमाटी बोलणाऱ्या घरांत हे काम त्या त्या भाषेतच व्हावे. मुलाशी घरीही मराठीतच बोला, अशी सूचना अनेक शिक्षक सद्भावनेने करतात. ती करू नये. आईला जी भाषा नीट येत नाही त्या भाषेत तिने मुलाशी बोलायचे ठरवले, तर ती कमी बोलते, आणि नुकसान मुलाचे होते. अशा घरांत गेल्यावर दुभाषा म्हणून त्याच मुलाला उभे करू नये, कारण स्वतःविषयीचे म्हणणे कोणतेही मूल आपल्या सोयीने भाषांतरित करते. वस्तीतील एखादा दहावी-बारावी झालेला तरुण किंवा तरुणी, अंगणवाडी सेविका अथवा आशाताई यांची मदत घ्यावी.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालते. त्यातील मेळाव्यापेक्षा मातांचे गट ही अधिक उपयोगी कल्पना आहे. जवळपास राहणाऱ्या पाच-सहा आया एकत्र येतात, त्यांपैकी एक पुढाकार घेते आणि दर आठवड्याला त्यांना मुलांबरोबर करायच्या कृती मिळतात. दारातल्या खड्यांचे लहान-मोठे गट पाडणे, भांडी मोजणे, चित्र पाहून गोष्ट सांगणे अशा या कृती असल्याने शिक्षणाचा कमीपणा कोणालाही जाणवत नाही. जून संपला की हे गट बहुधा विरून जातात. पहिली-दुसरी संपेपर्यंत ते टिकवायचे असतील, तर गटाची बैठक बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्यावी, कारण तेथे बायका आधीच जमलेल्या असतात.

सभा घ्यायचीच, तर अशी घ्यावी

संपूर्ण शाळेची एक मोठी सभा घेण्याऐवजी वर्गाची किंवा वस्तीची छोटी सभा घ्यावी. वेळ पालकांना विचारून ठरवावी. बहुतेक ठिकाणी ती संध्याकाळची निघते. दोन किलोमीटरवरच्या पाड्यावरून माणसे येणार असतील, तर सभा पाड्यावरच्या समाजमंदिरात घ्यावी. बसण्याची व्यवस्था सर्वांसाठी एकच असावी. सरपंचांना खुर्ची आणि आयांना सतरंजी अशी मांडणी केली की कोणी बोलायचे आणि कोणी ऐकायचे हे सभेआधीच ठरून जाते.

प्रत्येक पालकाच्या हाती त्याच्या मुलाची वही, चित्रे आणि लेखन द्यावे आणि पहिली दहा मिनिटे ते नुसते पाहू द्यावे. शिक्षकाचे बोलणे पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नये. उरलेल्या वेळात एकेका पालकाशी बाजूला बसून चार-पाच मिनिटे बोलावे. सत्कार, नारळ आणि पाहुण्यांची भाषणे टाळता आली तर उत्तम. टाळणे अगदीच अशक्य असेल तर ती शेवटी ठेवावीत, म्हणजे ज्यांना जायचे आहे त्यांना जाता येईल.

वडिलांना स्वतंत्रपणे बोलवावे. ‘माता-पालक’ हा शब्द आपण इतका वापरला आहे की शाळेचे काम बाईचे, असा समज आपणच पक्का करून टाकला आहे. वडील भाषण ऐकायला येत नाहीत, पण कामाला येतात, असा अनेक शाळांचा अनुभव आहे : परसबागेला पाण्याची नळी जोडणे, तुटलेले बाक दुरुस्त करणे, मुलांना आपला व्यवसाय दाखवणे. गवंडी काम करणारे वडील ओळंबा घेऊन वर्गात आले आणि भिंत सरळ आहे हे कसे ओळखतात ते त्यांनी दाखवले, तर भूमितीचा एक चांगला तास होतो आणि त्यांच्या मुलाची मान वर्षभर ताठ राहते.

समिती कागदावरून उतरवावी

समितीवरचे सदस्य सर्व पालकांच्या सभेत, उघडपणे निवडले जावेत. यादी आधी सरपंचांच्या घरी तयार होते आणि सभेत फक्त वाचली जाते, असे घडत असेल तर पुढची दोन वर्षे त्या समितीकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. निवडून आलेल्या महिला सदस्याच्या जागी तिचे पती बैठकीला येऊन बसत असतील, तर मुख्याध्यापकांनी नम्रपणे, पण पहिल्याच बैठकीत, सदस्य उपस्थित असणे आवश्यक असल्याचे सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर हे सांगणे अवघड होते. आणि इतिवृत्ताचे रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरवणे बंद करावे. त्या एका सवयीने समिती जितकी निर्जीव होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

सदस्यांना पैशाचा हिशेब समजला पाहिजे. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरते. ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये आणि त्यावर १०० पर्यंत पटाच्या शाळेला २५ हजार रुपये, असे त्याचे स्वरूप आहे. ही रक्कम किती आली, केव्हा आली आणि कशावर खर्च झाली, हे बैठकीत वाचून दाखवावे आणि शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावे. रक्कम लहान आहे. पण ती लपवली जात नाही हे दिसल्यावर लोक स्वतःहून प्रश्न विचारू लागतात.

प्रत्येक सदस्याकडे एक काम असावे : एकाने पोषण आहाराची चव घेऊन नोंदवहीत लिहावे, एकीने आठवड्यातून एकदा मुलींचे स्वच्छतागृह पाहावे, एकाने सलग गैरहजर राहणाऱ्या मुलांच्या घरी जावे. चवीच्या नोंदवहीत वर्षभर ‘उत्तम’ हा एकच शेरा दिसत असेल, तर ती वही पाहिली जात नाही असे समजावे.

लोकसहभाग म्हणजे वर्गणी, हा समज मात्र मोडून काढावा लागेल. रंगरंगोटी, संगणक, प्रोजेक्टर यांसाठी गावाने पैसे दिले तर ते स्वागतार्ह आहे. पण जो पालक देऊ शकत नाही, त्याला शाळेत येताना संकोच वाटू लागला, तर त्या रंगाची किंमत फार झाली. देणगीदारांच्या नावांचा फलक लावताना याचा विचार करावा.

जी कुटुंबे गावात नसतात

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत वरचे वेळापत्रक चालत नाही. टोळ्या साधारणपणे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलाला बरोबर न्यायचे की ठेवायचे, हा निर्णय त्याआधीच झालेला असतो. म्हणून या पालकांशी बोलणी पोळ्याच्या सुमारास व्हावीत. मूल आजी-आजोबांकडे राहू शकते का आणि गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, याची स्पष्ट माहिती त्यांना द्यावी. वसतिगृह चालवण्यात शाळा व्यवस्थापन समितीचा वाटा असतो. तेथे संध्याकाळी जेवण कोण देणार, रात्री मुलींजवळ कोण असणार, हे आयांना त्या समितीतल्या बायकांकडून ऐकायला मिळाले, तर त्यांचा विश्वास बसतो. शिक्षकाच्या आश्वासनावर तितका बसत नाही.

मूल मागे राहिले, तर त्या काळात त्याच्या आजीला पालक मानून सर्व संपर्क तिच्याशी ठेवावा आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फडावर असलेल्या आई-वडिलांशी त्याचे फोनवर बोलणे करून द्यावे. मूल बरोबर गेले, तर त्याला शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे यासाठीचे पत्रक) द्यावे, टोळी कोणत्या कारखान्यावर गेली आहे याची मुकादमाकडून खात्री करावी आणि तेथील जवळच्या शाळेला फोन करावा. दाखला नाही किंवा उशिरा मिळेल, या कारणाने कोणतीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे पालकांना लिहून द्यावे, कारण फडावरच्या माणसाला तोंडी अधिकार सांगून उपयोग होत नाही.

मोबाइल गट, भोंगा आणि तक्रारी

पालकांचा व्हॉट्सॲप गट सोयीचा आहे, पण ज्यांच्याकडे साधा फोन आहे ते त्यातून वगळले जातात, आणि बहुधा तेच पालक आपल्याला हवे असतात. त्यांच्यासाठी शेजारचा एक निरोप्या पालक ठरवून ठेवावा. गटावर कोणत्याही एका मुलाविषयी, चांगले किंवा वाईट, लिहू नये. वाचता न येणाऱ्यांसाठी सूचना बोलून पाठवावी. रात्री नऊनंतर गट शांत राहील, हा नियम शिक्षकांनीही पाळावा.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये गावाने मिळून ठरवले की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद राहतील. त्यानंतर अनेक गावांनी असे भोंगे बसवले. अनुकरण करताना एक लक्षात ठेवावे, की भोंगा हा निर्णयाचा शेवट असतो. त्याआधी ग्रामसभेत चर्चा आणि घरोघरी जाऊन बोलणे व्हावे लागते. शिवाय त्या दीड तासात मुलांनी करायचे काय, हे शाळेने दिलेले असावे, नाहीतर मालिका बंद झाल्याचा राग तेवढा उरतो.

पालक तक्रार घेऊन आला, तर तो शाळेशी जोडला गेला आहे असे समजावे. उदासीन पालक तक्रार करत नाही. वर्ग चालू असेल तर वेळ ठरवून द्यावी, मुलासमोर वाद घालू नये, आधी पूर्ण ऐकून घ्यावे आणि काय करणार आणि ते कोणत्या दिवसापर्यंत हे सांगावे. याच्या उलट, “मारा, पण शहाणा करा” अशी मोकळीक देणारे पालकही भेटतात. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार बंदी आहे आणि पालकाच्या संमतीने ती उठत नाही. हे सांगताना कायद्याचा धाक पुढे करण्यापेक्षा मार खाणारे मूल प्रश्न विचारणे थांबवते, हे त्याच्याच मुलाच्या उदाहरणाने दाखवावे.

नोंद आणि हस्तांतर

प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान ठेवावे. त्यावर घरी प्रत्यक्ष पालक कोण आहे, भेटीची सोयीची वेळ, घरातली भाषा, स्थलांतराचा काळ, मुलाची वाचनाची पायरी तारखेसह, आणि घरी दिलेले काम व त्याचे काय झाले, एवढे लिहावे. कौटुंबिक भांडणे, आजार, व्यसन यांविषयी पालकाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी या वहीत लिहू नयेत, कारण वही टेबलावर राहते आणि गाव लहान असते.

शिक्षकांच्या बदल्या होतात आणि त्यांच्याबरोबर कुटुंबांची सर्व ओळख शाळेतून निघून जाते. नव्या शिक्षकाला पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करावी लागते. म्हणून बदलीचा आदेश हाती पडल्यावर पदभाराच्या यादीत साहित्य, कपाटे आणि रजिस्टरांबरोबर ही वहीही नोंदवावी, आणि शक्य झाल्यास कार्यमुक्त होण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून नव्या शिक्षकांना सर्वांत लांबच्या चार-पाच घरी स्वतः घेऊन जावे.